लाल खेकडा खोटा, टोपीवाला खेकडा खरा

लहान मुलांच्या चित्रपुस्तकातला समुद्र ठरलेला असतो. निळं पाणी, लालचुटूक खेकडा, हसरा तारामासा, डोक्यावर कारंजं उडवणारा देवमासा आणि उरलेल्या जागेत बुडबुडे. मोठी माणसं हे सगळं बिनतक्रार वाचून दाखवतात. मग एखाद्या पानावर बाप मासा कपाळावर अंडी घेऊन निघालेला दिसतो आणि त्यांचा आवाज बदलतो. "हे आपलं गंमत म्हणून हं, सोन्या!"

फसगत होते ती इथेच. या पुस्तकांत जे नेहमीचं म्हणून खपून जातं, त्यातलं बरंचसं साफ चूक असतं. आणि जे चित्रकाराने तापात काढलं असावं असं वाटतं, ते समुद्रात रोज चाललेलं असतं. झोपायच्या वेळी पोराने खिंडीत गाठलंच तर हाताशी असावा म्हणून हा ऐवज.

आधी खोट्यांची हजेरी

सुरुवात खेकड्यापासून. मासळी बाजारात कोळणीच्या पाटीतल्या चिंबोऱ्या जरा वाकून बघा. नांग्या सुतळीने आवळलेल्या, डोळे देठांवर उभे, पाठ काळपट हिरवी, खाडीच्या चिखलात दिसूच नये अशी. लाल रंगाचा पत्ता नाही. तीच चिंबोरी कालवणात पडते, उकळी फुटते, कडेने नारिंगी झाक चढायला लागते आणि बघता बघता सगळं कवच शेंदरी होऊन जातं. हा प्रताप मसाल्याचा नव्हे. ॲस्टाझँथिन नावाचं तांबूस रंगद्रव्य कवचात आधीपासूनच असतं. जिवंत खेकड्यात एक प्रथिन त्याला असं जखडून ठेवतं की त्याचा रंग निळसर-काळा भासतो. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटते आणि दडलेला रंग उघडा पडतो. कोळंबीचं आणि शेवंडाचंही तेच.

थोडक्यात, पुस्तकात वाळूवर उभा राहून नांगी हलवणारा तो लाल खेकडा शिजलेला आहे. जिवंतपणी लाल असणारे खेकडे नाहीतच असं नव्हे. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर दर पावसाळ्यात लाखो लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात, तेव्हा त्यांच्यासाठी रस्ते बंद ठेवावे लागतात. पण बहुतेक चित्रकारांनी आपला खेकडा ताटात बघून काढलेला असतो, अशी माझी दाट शंका आहे.

आता तारामासा. वरच्या बाजूला मधोमध दोन डोळे आणि खाली हसू, हा त्याचा ठरलेला चेहरा. खऱ्या तारामाशाचं तोंड असतं खालच्या अंगाला, वाळूकडे. वर, जिथे चित्रकार हसू काढतो तिथे, बहुतेक जातींत असतं गुदद्वार. ही माहिती पहिलीच्या वर्गात एकदा सांगून बघा आणि त्या दिवशीचा पुढचा तास विसरा. डोळेसुद्धा मधोमध नसतात, प्रत्येक हाताच्या टोकाला एकेक असतो. मेंदू नाही, रक्त नाही. अंगातून समुद्राचंच पाणी खेळवून कारभार चालतो. जेवणाची तऱ्हा तर विचारूच नका. शिंपला दोन्हीकडून ओढून किंचित फट पाडायची, स्वतःचं पोट तोंडावाटे बाहेर काढून त्या फटीतून आत सरकवायचं, मांस तिथल्या तिथे पचवायचं आणि पोट पुन्हा आत घ्यायचं.

चित्रकाराच्या बाजूने मात्र एक पुरावा आहे. तारामाशाच्या अंगात कुठली जनुकं कुठे काम करतात याचा नकाशा शास्त्रज्ञांनी तयार केला आणि तो २०२३ साली 'नेचर'मध्ये छापून आला. डोकं घडवणाऱ्या जनुकांच्या खुणा जवळपास सर्वांगावर सापडल्या, धडाच्या जवळजवळ नाहीतच. म्हणजे हा प्राणी पाच हातांवर चालणारं नुसतं डोकं आहे! सगळ्या अंगाचा चेहरा करणारा चित्रकार तसा अगदीच चुकला नव्हता, फक्त बाजू उलटी पडली.

देवमाशाचं कारंजं हे तिसरं खोटं. त्याच्या डोक्यावरचं भोक म्हणजे नाकपुडी, थेट फुप्फुसाला जोडलेली. तिथून पाणी उसळायचं तर आधी फुप्फुसात पाणी भरलेलं हवं, आणि मग तो देवमासा मेलेला असणार. वर उडते ती उबदार श्वासाची वाफ आणि नाकपुडीभोवती साचलेले थेंब. निळ्या देवमाशाचा हा उच्छ्वास नऊ मीटरपर्यंत चढतो. होडीतून त्याखाली सापडलेले लोक त्याच्या वासाबद्दल फारसं चांगलं बोलत नाहीत.

'निळ्या देवमाशाचं हृदय मोटारीएवढं असतं आणि त्याच्या रक्तवाहिनीतून माणूस रांगत जाऊ शकतो' हेही पिढ्यान् पिढ्या छापलं जातंय. २०१४ साली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागलेल्या एका निळ्या देवमाशाचं हृदय टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियमने काढून जतन केलं. वजन भरलं सुमारे १८० किलो. मोटार राहू द्या, मोटारसायकल म्हणा. मुख्य रोहिणीत फार तर डोकं जाईल, तेही नेमकं कशासाठी घालायचं हे ठरलेलं असेल तर. खरा चमत्कार आकारात नाहीच, तालात आहे. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर ठोके मोजणारं यंत्र चिकटवलं होतं. त्याचे आकडे २०१९ साली प्रसिद्ध झाले. खोल बुडी मारली की मिनिटाला अवघे दोन ठोके, वर येऊन दम घेताना ३७.

बाकीची किरकोळ खोटी भराभर उरकू. मासे डोळे मिटून झोपत नाहीत, कारण त्यांना पापण्याच नसतात (शार्कमंडळी अपवाद). प्रवाळ हे झाड नाही, प्राणी आहे. आणि वर्तमानपत्रांना ज्याच्याशिवाय करमत नाही ती 'व्हेलची उलटी', अर्थात अंबर, ही बहुधा उलटी नव्हेच. स्पर्म व्हेलने गिळलेल्या माकुलांच्या कडक चोची आतड्याला टोचतात, त्यांच्याभोवती हा मेणचट गोळा जमतो. तो बाहेर पडतो तो मागच्या दाराने, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. कोट्यवधींच्या 'उलटी'सह टोळी जेरबंद, ही बातमी पुढच्या वेळी या ज्ञानासह वाचावी.

बापमाणूस नव्हे, बापमासा

आता खऱ्यांकडे वळू. एरिक कार्ल हे नाव भुकेल्या सुरवंटाच्या चित्रपुस्तकामुळे घरोघरी पोचलेलं. पातळ कागदावर रंगांचे फटकारे मारून ठेवायचे, मग ते कागद कापून, चिकटवून चित्र उभं करायचं ही त्याची पद्धत. २००४ साली त्याने 'मिस्टर सीहॉर्स' काढलं. त्यात मध्ये मध्ये पारदर्शक पानं आहेत. प्रवाळाचं किंवा शेवाळाचं पान उलटलं की मागे दडलेला दगडमासा नाहीतर सिंहमासा उघडा पडतो. पण पुस्तकाची खरी करामत पात्रांत आहे. समुद्रघोडा पोटात अंडी घेऊन फिरायला निघतो आणि वाटेत त्याला भेटतात ते सगळे लेकरं सांभाळणारे बाप.

समुद्रघोड्याचं बाळंतपण खरोखर बघण्यासारखं असतं. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते आणि मोकळी होते. पिशवी म्हणजे नुसती झोळी नव्हे. तिच्या भिंतीतून पिल्लांना प्राणवायू मिळतो, पोषण मिळतं, आणि आतल्या पाण्याचा खारटपणा हळूहळू समुद्राच्या पाण्याशी जुळवून आणला जातो. दोन ते चार आठवड्यांनी दिवस भरले की बाप शेपटीने गवताच्या पात्याला घट्ट विळखा घालतो, कमरेतून पुढे वाकतो, ताठ होतो, पुन्हा वाकतो. प्रत्येक कळेसरशी पिशवीच्या तोंडातून पिल्लांचा एक झोत बाहेर पडतो. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पण शेपटीपासून नाकापर्यंत हुबेहूब बापासारखी. जातीनुसार काही डझन ते हजाराच्या वर. मग? मग काही नाही. एकदा बाहेर पडल्यावर पिल्लांनी आपलं आपण बघायचं. पुस्तकात एक पिल्लू परत पिशवीत शिरायला बघतं आणि बाप त्याला अडवतो. तो प्रसंग गोड वाटतो, पण समुद्राचा नियमही तसाच कडक आहे. बापाला तरी कुठे उसंत असते? एक-दोन दिवसांत तो पुन्हा गरोदर राहू शकतो.

या प्राण्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेलं पोटात टिकतच नाही, म्हणून दिवसभर चरत राहावं लागतं. त्यात पोहण्याचा आनंद! समुद्रघोड्याची एक बुटकी जात तासाला जेमतेम दीड मीटर जाते. माशांत तिच्याइतकी संथ दुसरी नाही. भारतात २००१ साली समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं, वाघाच्या पंगतीला.

आणि तो कपाळावर अंडी घेतलेला मासा? त्याचं नाव कुर्टस. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या खाड्यांत, नद्यांत राहतो. नराच्या कपाळाला हाडाचा एक आकडा असतो आणि अंड्यांचा घोस त्या आकड्याला दोन्ही बाजूंनी लटकवून तो हिंडतो. चित्रकाराला यात काहीही घालावं लागलेलं नाही. त्याच पुस्तकातला तोंडात अंडी धरणारा तिलापिया आपल्या ओळखीचा. उजनी धरणाच्या काठी चिलापी म्हणून तळून मिळतो तो याच गोतावळ्यातला. मात्र उजनीच्या चिलापीत तोंड मिटून उपाशी राहायचं काम आई करते. बापाने ते काम अंगावर घेतलेला तिलापिया पश्चिम आफ्रिकेच्या खाड्यांत सापडतो. कार्लच्या पुस्तकातला बाप त्याच्याशीच जुळतो.

टोपी कोणाची?

जॉन क्लासनचं 'धिस इज नॉट माय हॅट' २०१२ मध्ये आलं. एक चिमुकला मासा झोपलेल्या मोठ्या माशाची टोपी पळवतो आणि पळता पळता आपल्याला सांगत राहतो की कोणाला काही कळणार नाही. शब्द म्हणतात मोठा मासा झोपलाय, चित्र दाखवतं त्याचा डोळा टक्क उघडा. चार वर्षांच्या पोराला ही मेख मोठ्यांच्या आधी कळते. अमेरिकेचं कॅल्डेकॉट आणि ब्रिटनचं केट ग्रीनअवे, हे दोन्ही मान एकाच पुस्तकाला पहिल्यांदा मिळाले ते यालाच.

समुद्रात टोपी कोण घालतं, असं विचाराल तर खेकडा घालतो. स्पंज खेकडा म्हणून ओळखली जाणारी मंडळी जिवंत स्पंजाचा तुकडा नांग्यांनी कातरून काढतात, आतून कोरून पाठीच्या मापाचा खळगा करतात आणि डोक्यावर चढवतात. मागच्या पायांच्या दोन जोड्या त्यांनी याच कामाला ठेवलेल्या. टोपी वरून घट्ट धरून ठेवायला. जपानमधल्या संशोधकांनी त्यांना वेगवेगळ्या मापांचे स्पंज देऊन पाहिले, तर मोठे खेकडे मोठे तुकडे निवडून मोठ्या टोप्या बेततात असं दिसलं. स्पंजाची चव बहुतेकांना आवडत नाही, त्यामुळे टोपीसकट खेकडा खायला कोणी धजत नाही. स्पंज खेकडे आपल्या समुद्रातही आहेत. त्याच पंथातला दुसरा एक खेकडा दोन्ही नांग्यांत एकेक डंखधारी समुद्रफूल धरून मुष्टियोद्ध्याच्या पवित्र्यात उभा राहतो.

गोगलगायीचा जगप्रवास

जूलिया डोनाल्डसनचे शब्द आणि ॲक्सेल शेफलरची चित्रं असलेलं 'द स्नेल अँड द व्हेल' २००३ चं. गोगलगाय कुबड्या देवमाशाच्या शेपटावर बसून हिमनगांपासून ज्वालामुखींपर्यंत जग बघून येते. देवमाशाच्या अंगावर बिऱ्हाड करणं खरं आहे, फक्त भाडेकरू वेगळे. कुबड्या देवमाशांच्या हनुवटीवर, परांवर, शेपटीवर कवचधारी बार्नॅकल घट्ट रुतून बसलेले असतात आणि एकेका देवमाशावर त्यांचं वजन शेकडो किलो होऊ शकतं.

पण गोगलगायीला मुळात देवमासा लागतोच कशाला? जॅन्थिना नावाची जांभळी सागरी गोगलगाय स्वतःच्या चिकट स्रावात हवा कोंडून बुडबुड्यांचा तराफा बांधते, त्याला खालून उलटी लटकते आणि आयुष्यभर वारा नेईल तिकडे जाते. तिला दिसत नाही. तराफा सुटला तर ती बुडते आणि खेळ खलास. खायला तिच्यासारखेच तरंगते शेजारी: निळी बटणं आणि निळे फुगे. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर जे निळे फुगे येतात आणि पायाला लागले की माणूस नाचतो, ते हेच. लोक त्यांना जेलीफिश म्हणतात. ते जेलीफिश नाहीत आणि एक प्राणीही नाहीत. तरंगणारा एक, डंख मारणारा दुसरा, पचवणारा तिसरा, अशी ती एकमेकांना जोडलेल्या जिवांची सहकारी संस्था आहे. पश्चिमेचा वारा जोरात असला की त्यांच्यामागोमाग कधी कधी जांभळी गोगलगायही मुंबईच्या किनाऱ्याला येऊन पडते.

शेफलरच्या गोगलगायीने अरबी समुद्रातला देवमासा पकडला असता तर हिमनग बघणं राहूनच गेलं असतं. जगभरचे कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवांकडे खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात परततात. अरबी समुद्रातले तेवढे इथेच राहतात, इथेच खातात, इथेच पोरं वाढवतात. ओमानजवळ केलेल्या गणतीत ते शंभराच्याही आत भरले. बाकीच्यांशी त्यांचा संबंध सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वी तुटला असावा, असं जनुकांवरून दिसतं. ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रहाचा टॅग लावलेली 'लुबान' नावाची मादी २०१७ च्या अखेरीस अख्खा अरबी समुद्र ओलांडून आपल्या बाजूला आली आणि गोव्याच्या समोरून दक्षिणेकडे गेली. निळे देवमासेही अधूनमधून दर्शन देतात. मे २०१५ मध्ये देवगडजवळ कुणकेश्वरच्या समुद्रात मायलेकरांची जोडी दिसली होती.

गोष्टीत देवमासा वाट चुकून वाळूत रुततो. गोगलगाय शाळेत जाऊन फळ्यावर आपल्या चिकट रेघेने निरोप लिहिते, गाव धावून येतं, खड्डा खणतं, बंबाने पाणी मारतं. यातलं पाणी मारणं अगदी बरोबर आहे. चरबीच्या जाड थरामुळे देवमासा उन्हात आतून तापतो, आणि पाण्याचा आधार गेला की स्वतःच्याच वजनाखाली चेंगरतो. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं, तेव्हा लोकांनी हेच केलं. त्याला ओलं ठेवलं, दोर लावले, शेवटी बोटीने ओढून खोल पाण्यात नेलं. पिल्लू जगलं नाही. चित्रपुस्तकात भरती वेळेवर येते.

स्विमीने सावध राहावं

लिओ लिओनीचं 'स्विमी' १९६३ चं. लाल माशांच्या थव्यात एकच काळा. ट्यूना येतो, सगळ्यांना गिळतो, काळा तेवढा निसटतो. पुढे त्याला दुसरा लाल थवा भेटतो. तो त्यांना मोठ्या माशाच्या आकारात पोहायला शिकवतो आणि स्वतः त्या माशाचा डोळा होतो. लिओनीने यात रबरी ठसे, ओल्या रंगाचे छाप असली करामत केली. पानांवरचं पाणी अजूनही ओलं वाटतं. माझ्या मते समुद्राच्या चित्रपुस्तकांत याच्या तोडीचं फार थोडं आहे.

शास्त्राच्या परीक्षेत मात्र हा नापास. ट्यूनाच्या तडाख्यातून सुटण्याची सगळ्यात कमी आशा कोणाला असेल तर ती स्विमीला. थव्याचा फायदाच हा की सगळे सारखे दिसल्याने शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. चंदेरी माशांच्या थव्यात निळे रंगवलेले एक-दोन मासे सोडून पाहिले, तेव्हा शिकाऱ्याचं काम सोपं झालं. वेगळा दिसला तो संपला, आणि त्याच्या संगतीने बाकीचेही धोक्यात. दुसरी अडचण रंगाची. पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषून घेतं. दहा मीटरच्या आसपास गेलं की लाल मासा मळकट तपकिरी दिसतो, आणखी खाली काळा. म्हणजे जरा खोलात गेले की सगळेच स्विमी! खोल समुद्रातले कितीतरी जीव लालभडक असतात ते याचसाठी, तिथे लाल म्हणजे अदृश्य.

डोळ्याच्या कल्पनेला मात्र पैकीच्या पैकी गुण. कितीतरी फुलपाखरू-माशांच्या शेपटीजवळ मोठा काळा ठिपका असतो आणि खरा डोळा काळ्या पट्ट्यात लपवलेला. शिकारी ठिपक्याला डोळा समजून झडप घालतो आणि मासा उलट्या दिशेने पसार होतो.

चमचमणारे खवले

मार्कुस फिस्टर हा स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. त्याचं 'द रेनबो फिश' १९९२ मध्ये आलं आणि तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या. कागदावर चिकटवलेल्या चमकत्या पन्नीवर मुलं बोटं फिरवत राहतात. गर्विष्ठ मासा आपले चमकते खवले एकेक करून वाटून टाकतो आणि त्याला मित्र मिळतात. ते चांगलं की वाईट यावर मोठी माणसं अजून भांडतात. पोरांना पन्नीशी मतलब.

खऱ्या माशाची चमक पन्नीच्या जवळपासचीच आहे. कातडीत ग्वानिनच्या पातळ पातळ स्फटिकांचे थर असतात आणि प्रकाश त्यांवरून आरशासारखा उलटतो. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात एका नदीतल्या माशाच्या खवल्यांची ही चकाकी खरवडून काचेच्या मण्यांना लावली आणि नकली मोत्यांचा धंदा उभा राहिला. पुढे हाच माल नखरंग आणि लिपस्टिकमध्ये गेला. खवले गळले तर नवे येतात, पण तोवर तिथून जंतूंना वाट मोकळी, त्यामुळे दानशूरपणा जपून करावा. चमचमीत खवल्यांचा आपला गडी म्हणजे पापलेट, २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा. त्याचे खवले इतके बारीक आणि सैल की बाजारात पोचेपर्यंत निम्मे झडलेले असतात आणि उरलेले कोळणीच्या बोटांना रुपेरी लागतात.

घर बदलायचा दिवस

कार्लचंच १९८७ चं 'अ हाउस फॉर हर्मिट क्रॅब'. उसन्या शंखात राहणारा खेकडा वर्षभर आपलं घर समुद्रफुलांनी, प्रवाळाने सजवतो आणि वर्ष संपताना घर लहान पडतं. तेव्हा सगळी सजावट नव्या भाडेकरूला देऊन तो बाहेर पडतो. हे जरा जास्तच सज्जनपणाचं झालं. समुद्रफुलं पाळणारा खरा खेकडा घर सोडताना नांगीने त्यांना थोपटतो, ती शंखावरची पकड सोडतात आणि तो त्यांना उचलून नव्या शंखावर बसवतो. सामान मागे ठेवत नाही.

याहून मजेशीर प्रकार किनाऱ्यावरच्या जातींत. मोठा रिकामा शंख सापडला आणि तो मापाला बसला नाही, तर खेकडा शेजारीच थांबतो. दुसरा येतो, तिसरा येतो, मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागते. नेमक्या मापाचा गडी आला की तो नव्या शंखात, त्याच्या जुन्या शंखात पुढचा, त्याच्यात त्याच्या पुढचा, असं पटापट सगळ्यांचं घर बदलतं. शेवटी सगळ्यात लहान शंख रिकामा उरतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत इतकं सुरळीत काही झालेलं ऐकिवात नाही. अलीकडे शंखांऐवजी प्लास्टिकची झाकणंही घर म्हणून चालतात. लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो चाळून केलेल्या २०२४ च्या एका अभ्यासात असे ३८६ खेकडे सापडले. जमिनीवर राहणाऱ्या १६ जातींपैकी १० जाती त्यात होत्या.

हरवलेली बदकं

शेवटचं पुस्तक पुन्हा कार्लचंच, २००५ चं 'टेन लिटल रबर डक्स'. जहाजावरून दहा बदकं समुद्रात पडतात आणि एकेक एकेका दिशेला जातं. मूळ बातमी खरी आहे. जानेवारी १९९२ मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या जहाजावरचा एक कंटेनर वादळात उत्तर पॅसिफिकमध्ये पडला. आत अंघोळीच्या वेळी खेळायची सुमारे २८,८०० खेळणी होती: पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. पुठ्ठा भिजून सुटला आणि सगळी मंडळी मोकळी झाली. दहा महिन्यांनी पहिली खेप अलास्कातल्या सिटकाजवळ किनाऱ्याला लागली. कर्टिस एब्समायर हा समुद्रशास्त्रज्ञ आधी असेच सांडलेले हजारो बूट मोजत बसला होता. त्याने ही खेळणी कुठे, कधी मिळाली याची नोंद ठेवली आणि पॅसिफिकचे प्रवाह किती वेगाने फिरतात याचं गणित त्यावरून तपासून घेतलं. एवढी उघडी, फुकट, रंगीत सामग्री कुठल्या प्रयोगशाळेला मिळते!

कार्लने त्यांतली फक्त बदकं ठेवली. खेळण्यातले बीव्हर, कासवं आणि बेडूक यांना पुस्तकात जागा नाही. बदकं रबराची होती हेही खोटं, ती प्लास्टिकची होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दाबलं की बदक चीं चीं करतं. खऱ्या बदकांना आवाज नव्हता. आवाजाला बुडाशी भोक लागतं, ते त्यांना नव्हतं, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं बुडाली नाहीत.